मेसोट्रॉनमधला ‘ट्र’

विश्वकिरणांत सापडलेल्या नव्या कणाला कार्ल अँडरसन आणि सेथ नेडरमायर यांनी १९३८ मध्ये ‘मेसोटॉन’ म्हणायचं ठरवलं. ग्रीक ‘मेसॉस’ म्हणजे मधला. कणाचं वस्तुमान इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांच्या मधलं. टिपण ‘नेचर’कडे रवाना झालं तेव्हा त्यांचे वरिष्ठ रॉबर्ट मिलिकन परगावी होते. परतल्यावर त्यांना नाव खटकलं. इलेक्ट्रॉन, न्यूट्रॉन, मग यातच ‘र’ का नाही? अँडरसननी प्रोटॉनचा दाखला दिला, पण मिलिकन बधले नाहीत. शेवटी एकटा ‘र’ तारेनं ‘नेचर’ला कळवला गेला आणि कण ‘मेसोट्रॉन’ झाला.

मुंबईत जन्मलेल्या होमी भाभांनी १९३९ मध्ये ‘नेचर’मध्येच त्यावर हरकत घेतली. इलेक्ट्रॉन, न्यूट्रॉनमधला ‘ट्र’ मूळ शब्दांतलाच आहे, ‘मेसो’त तो नाही, सबब ‘मेसॉन’ म्हणावं. भौतिकीची अवघड गणितं मांडणाऱ्या माणसानं एका जोडाक्षरासाठी लेखणी उचलावी, याचं मला फार अप्रूप वाटतं.

१९४७ मध्ये ब्रिस्टलला सेसिल पॉवेल यांच्या गटाला आणखी एक मेसॉन सापडला. तो ‘पाय’ आणि जुना ‘म्यू’. पुढे उमगलं की म्यू हा मेसॉन नव्हेच. तो इलेक्ट्रॉनच्या कुळातला, त्याच्या सुमारे २०७ पट जड. मग उरलं नुसतं ‘म्युऑन’. व्हँकूवरच्या ‘ट्रायम्फ’ प्रयोगशाळेच्या नावातला ‘एम’ मात्र अजून मेसॉनचाच आहे.

याच म्युऑनवर पदार्थ आतून तपासण्याचं ‘म्यू-एस-आर’ हे तंत्र उभं आहे. ‘एस’ म्हणजे स्पिन. ‘आर’चे अर्थ तीन: रोटेशन, रेझोनन्स, रिलॅक्सेशन. वीज वाहणाऱ्या बहुवारिकांत कामाला येतं ते रिलॅक्सेशन. धनभारित म्युऑन नमुन्यात शिरतात तेव्हा साऱ्यांचे स्पिन एकाच दिशेला असतात. सरासरी २.२ मायक्रोसेकंदांत म्युऑनचा क्षय होतो आणि त्यातून पॉझिट्रॉन बहुधा स्पिनच्या दिशेनं निसटतो. पुढच्या आणि मागच्या गणकांतले पॉझिट्रॉन मोजले की स्पिनांची शिस्त किती टिकली ते कळतं.

पॉलिॲसिटिलीन या अशाच एका बहुवारिकात म्युऑन एक इलेक्ट्रॉन घेऊन दुहेरी बंधाला चिकटतो आणि साखळीत एक बिनजोडीचा इलेक्ट्रॉन उरतो. नागामिने आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवलं की ‘सिस’ रूपात हा इलेक्ट्रॉन म्युऑनपाशीच अडकून राहतो; ‘ट्रान्स’ रूपात तो साखळीवरून धावत सुटतो. धावता धावता तो पुन्हा पुन्हा म्युऑनजवळून जातो, त्याचं चुंबकीय क्षेत्र स्पिनला हिसके देतं आणि शिस्त ओसरत जाते. हेच रिलॅक्सेशन. बाहेरचं चुंबकीय क्षेत्र बदललं की ओसरण्याचा वेग कसा बदलतो, यावरून इलेक्ट्रॉन साखळीवरूनच धावतो की शेजारच्या साखळीवर उड्या मारतो, हे ताडता येतं.

वायूंच्या सिद्धांतात ‘रिलॅक्सेशनचा काळ’ ही कल्पना मॅक्सवेलनी १८६७ मध्ये मांडली. लॅटिन ‘लॅक्सस’ म्हणजे सैल. म्हणून रिलॅक्सेशनला मराठीत ‘विश्रांती’ म्हणून चालणार नाही. म्युऑन विसावत नाही. त्याच्या स्पिनची बांधलेली दिशा सैल होते. संस्कृत ‘शिथिल’मध्ये नेमकं हेच सैल होणं आहे. विज्ञान मराठीत लिहिणाऱ्यांनी इथे ‘शिथिलन’च लिहावं.