सज्जातील साधक : ऑलिव्हिए मेसियाँ

थोर संगीतकारांची चरित्रे बहुधा राजदरबार, रंगमंदिरे आणि देशोदेशीचे दौरे यांच्याभोवती गुंफलेली असतात. विसाव्या शतकातील एका थोर रचनाकाराचे चरित्र मात्र एका धर्मग्रामाच्या रविवारच्या घंटेला बांधलेले होते. फ्रेंच संगीतकार ऑलिव्हिए मेसियाँ १९३१ साली पॅरिसमधील पवित्र त्रैक्याच्या चर्चमध्ये ऑर्गनवादक म्हणून रुजू झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे २२ होते. २७ एप्रिल १९९२ रोजी त्यांचे निधन झाले, तोपर्यंत ते त्याच पदावर होते. मधल्या साठ वर्षांत महायुद्ध आले, तुरुंगवास आला, जगभर कीर्ती झाली, वादळी टीकाही झाली. परंतु पॅरिसमध्ये असले की रविवारी ते सज्जाचा जिना चढून आपल्या बाकावर बसत. आजच्या संगीताला नवी वळणे देणारा हा माणूस आपल्या धर्मग्रामाचा सेवक म्हणून जगला. या सेवेने त्याच्या प्रतिभेला बांधून ठेवले की वाढविले, हा प्रश्न आम्हांला महत्त्वाचा वाटतो. कारण चर्चमध्ये गाणारा-वाजविणारा प्रत्येक जण कधी ना कधी तो स्वतःला विचारतो.

मेसियाँ यांचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजी आविन्यों येथे झाला. वडील पिएर हे इंग्रजीचे अध्यापक व शेक्सपिअरचे फ्रेंच अनुवादक. आई सेसिल सोव्हाज या कवयित्री. मूल उदरात असतानाच आईने त्याच्यावर कविता लिहिल्या होत्या. पहिल्या महायुद्धात वडील आघाडीवर गेले आणि आई मुलांना घेऊन ग्रनोब्ल येथे भावाच्या आश्रयाला आली. तेथेच हा मुलगा आपला आपण पियानो शिकला. श्रद्धेचे श्रेय ते कोणाला देत नसत. आपण जन्मतःच श्रद्धावंत होतो, असे ते पुढे सांगत. १९१९ साली, अकराव्या वर्षी, पॅरिसच्या संगीत विद्यालयात त्यांचा प्रवेश झाला. तेथे पॉल द्यूका यांनी त्यांना रचनाशास्त्र शिकविले, तर मार्सेल द्यूप्रे यांनी ऑर्गन. त्याच बालवयात पॅरिसच्या सेंट-शापेलमधील रंगीत काचांच्या उंच खिडक्या त्यांनी पाहिल्या आणि तो प्रकाश त्यांच्या मनातून कधीच गेला नाही. स्वरसमूह ऐकताच त्यांच्या मनश्चक्षूंपुढे रंग उभे राहत, आणि आपल्या स्वरांविषयी बोलताना ते निळ्या-जांभळ्या, सोनेरी अशा रंगांच्याच भाषेत बोलत.

त्रैक्याच्या चर्चमधील ऑर्गन हा कावाये-कोल या नामवंत कारागिराच्या हातचा. तो मिळविण्यासाठी तरुण मेसियाँना आपल्या नव्या स्वरांबद्दलची शंका आधी दूर करावी लागली. भाविकांच्या प्रार्थनेत विक्षेप येईल असे बेबंद स्वरमेळ आपण वाजविणार नाही, अशी हमी त्यांनी मुख्य धर्मगुरूंना दिली होती. पुढे त्यांच्या रविवारची वाटणी ठरून गेली. मोठ्या मिस्सेला केवळ ग्रेगोरियन गायनावर आधारित वादन. अकराच्या मिस्सेला जुन्या मान्यवर रचनाकारांच्या कृती. बाराच्या मिस्सेला स्वतःच्या आधुनिक रचना वाजविण्याची मुभा. आणि पाचच्या सायंप्रार्थनेला स्तोत्रांच्या मधल्या जागा लहान असल्यामुळे तत्क्षणी सुचेल ते वादन. तक्रारी यायच्या त्या आल्याच. पण तक्रारींमुळे धर्मगुरूंनी त्यांना दूर केले नाही, आणि त्यांनीही रागावून बाक सोडला नाही. या साध्या वाटणीत आम्हांला मोठे शहाणपण दिसते. वयोवृद्ध भाविकाला त्याची ओळखीची प्रार्थना मिळाली, नव्या कलावंताला त्याची घटका मिळाली, आणि दोघेही एकाच वेदीभोवती राहिले.

या बाकावरूनच १९३५ साली ‘प्रभूचा जन्म’ ही ऑर्गनसाठीची नऊ मननांची माला जन्मली. २७ फेब्रुवारी १९३६ रोजी ती त्याच चर्चमध्ये प्रथम सादर झाली. गव्हाणीतील बाळ, मेंढपाळ, देवदूत, पूर्वेकडील ज्ञानी पुरुष अशी ओळखीची चित्रे तीत आहेत. पण त्यांच्या मागे ‘शब्द देही झाला’ या गूढाचा विचार सतत वाहत असतो. नाताळची सजावट मांडण्यापेक्षा नाताळचा धर्मसिद्धान्त स्वरांत मांडण्याचा तो प्रयत्न होता.

त्या काळात त्यांच्या लयविचाराला एक नवा प्रवाह येऊन मिळाला होता, आणि त्याचा एक उगम आपल्या भूमीत आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या दरबारी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यातील १२० देशी तालांची यादी फ्रान्समध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संगीतकोशात छापलेली होती. ती मेसियाँच्या हाती पडली आणि त्यांना जणू खजिनाच गवसला. पाश्चात्त्य संगीतातील समान मात्रांच्या कवायतीतून सुटण्याची वाट त्यांना तेथे दिसली. येथे अतिशयोक्ती करण्याचे कारण नाही. हे ताल ते एखाद्या गुरूपुढे बसून शिकले नव्हते. छापील यादीवरून त्यांनी ते उचलले आणि आपल्या पद्धतीने, आपल्या श्रद्धेच्या कामी लावले. तरीही दौलताबादच्या किल्ल्याकडे पाहताना त्याच्या छायेत लिहिल्या गेलेल्या एका ग्रंथातील मात्रा पॅरिसच्या चर्चमध्ये घुमल्या, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. त्यांच्या सर्वांत गाजलेल्या ‘तुरंगलीला’ या महारचनेचे नावही त्याच यादीतील एका तालावरून आले. ती २ डिसेंबर १९४९ रोजी अमेरिकेतील बोस्टन येथे लिओनार्ड बर्नस्टाइन यांच्या संचालनाखाली प्रथम सादर झाली.

त्याआधी मात्र युद्धाची खाई होती. १९४० साली लष्करी सेवेत असताना मेसियाँ जर्मनांच्या हाती सापडले आणि गर्लिट्झ येथील युद्धकैद्यांच्या छावणीत पोहोचले. तेथे आंरी अकोका हे क्लॅरिनेटवादक, जाँ ल बुलेर हे व्हायोलिनवादक आणि एतिएन पास्किए हे चेलोवादक असे तीन सोबती त्यांना लाभले. कार्ल-आल्बर्ट ब्र्यूल नावाच्या एका जर्मन पहारेकऱ्याने त्यांना कागद-पेन्सिली पुरविल्या. भूक आणि थंडी यांच्या सोबतीने आठ भागांची ‘कालान्तासाठी’ ही चार वाद्यांची रचना पूर्ण झाली. तिचे दोन भाग जुन्या रचनांतून नव्याने बेतलेले होते. १५ जानेवारी १९४१ रोजी छावणीच्या एका बराकीत ती सादर झाली. पियानोवर स्वतः मेसियाँ होते. प्रकटीकरणाच्या दहाव्या अध्यायातील, यापुढे काळ उरणार नाही असे शपथेवर सांगणारा देवदूत हा तिचा विषय. पहिल्याच भागात पियानोची लय रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश या तीन देशी तालांतून गुंफलेली आहे. देवगिरीची मात्रा अशा रीतीने काटेरी तारांच्या आत कैद्यांच्या कानी पडली.

या प्रसंगाभोवती पुढे आख्यायिका तयार झाली. तिला खुद्द मेसियाँचाही हातभार लागला. पाच हजार कैद्यांनी ती रचना ऐकली आणि चेलोला तीनच तारा होत्या, असे ते सांगत. चेलो वाजविणाऱ्या पास्किए यांनी मात्र आपल्या वाद्याला चारही तारा होत्या असे ठामपणे सांगितले. आणि त्या बराकीत काही शे माणसेच मावत होती, हे संशोधकांनी दाखवून दिले आहे. यामुळे रचनेचे मोल तसूभरही कमी होत नाही. उलट, खरी हकीकत आम्हांला अधिक हृद्य वाटते. कारण त्यात सोबत्यांनी वर्गणी काढून विकत घेतलेला चेलो आहे, शत्रुपक्षातील एका माणसाची करुणा आहे, आणि काही शे उपाशी माणसांची शांतता आहे. संतचरित्रे सांगताना आपल्यालाही आकडे वाढविण्याचा मोह होतो. पण श्रद्धेला वाढीव आकड्यांची गरज नसते.

१९४१ मध्ये सुटका झाल्यावर मेसियाँ पॅरिसच्या संगीत विद्यालयात शिकवू लागले आणि १९७८ पर्यंत तेथे राहिले. पिएर बुलेझ, यानिस झेनाकिस, जॉर्ज बेंजामिन अशा नामवंतांनी त्यांच्याकडे धडे घेतले. विद्यार्थ्यांपैकी अनेकांना त्यांच्या श्रद्धेशी कर्तव्य नव्हते, आणि त्यांनीही ती कोणावर लादली नाही. घरी दुःख होते. पत्नी क्लेर देल्बो या स्वतः व्हायोलिनवादक व रचनाकार. त्यांची स्मृती आजाराने हरपत गेली. अखेरची वर्षे शुश्रूषागृहात काढून १९५९ साली त्या निवर्तल्या. तोवर मुलाचा आणि घराचा भार मेसियाँ यांच्यावर होता. १९६१ साली त्यांनी आपल्या रचनांच्या श्रेष्ठ पियानोवादक इव्होन लोरिओ यांच्याशी विवाह केला. एवढे भोगूनही त्यांच्या संगीतात दुःखसहनापेक्षा गौरवी प्रभूचे दर्शन अधिक आहे, असा आक्षेप घेतला जाई. आपला कल आनंदाकडेच आहे, हे ते मोकळेपणी मान्य करीत.

त्या आनंदाचा एक झरा म्हणजे पक्षी. पहाटे रानात वही घेऊन उभे राहायचे आणि पक्ष्यांचे गाणे स्वरलिपीत उतरवायचे, हा त्यांचा अनेक वर्षांचा नेम होता. पक्षी फार उंच व फार वेगाने गातात, म्हणून माणसाच्या वाद्यांसाठी ते गाणे खालच्या पट्टीत आणि संथ करून घ्यावे लागे. १९५६ च्या ‘परदेशी पक्षी’ या रचनेत आपल्याकडील पहाडी मैनाही बोलते. उन्हाळ्यात ते ग्रनोब्लजवळील पेतिशे या गावी जात आणि तेथील डोंगर-तळ्यांच्या सहवासात लिहीत.

स्वतःच्या कार्याविषयी त्यांचे विचार स्पष्ट होते. कॅथलिक श्रद्धेतील सत्ये प्रकाशात आणणे हाच आपल्या कामाचा पहिला व सर्वांत मोलाचा पैलू आहे, आणि मृत्यूच्या घटकेला त्याचा पश्चात्ताप होणार नाही, असे ते म्हणत. डिसेंबर १९७७ मध्ये पॅरिसच्या नोत्र दाम कॅथीड्रलमधील व्याख्यानात त्यांनी संगीताच्या तीन पायऱ्या सांगितल्या. पहिली उपासनासंगीताची, आणि तीत खऱ्या अर्थाने बसते ते ग्रेगोरियन गायन. दुसरी धार्मिक संगीताची, म्हणजे ईश्वरी गूढ व्यक्त करू पाहणाऱ्या कोणत्याही काळच्या, कोणत्याही देशच्या संगीताची. तिसरी स्वर-रंगांनी दिपून जाण्याची. रंगीत खिडकीतील प्रत्येक आकृती आपल्याला कळत नाही, तरी आपण दिपून जातो. तसे दिपणे माणसाला शब्दांपलीकडे, देवाकडे नेते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

येथे एक विरोधाभास ध्यानात घेण्याजोगा आहे. साठ वर्षे उपासनेत वाजविणाऱ्या या माणसाने उपासनेत गायची रचना अगदी थोडी लिहिली. १९३७ मधील ख्रिस्तशरीरावरचे छोटे समूहगीत एवढीच तिची ठळक खूण. ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक संविधानाने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ग्रेगोरियन गायनाला मानाचे स्थान दिले, ऑर्गनचा गौरव केला, आणि त्याच वेळी लोकभाषेला व त्या त्या देशाच्या संगीतपरंपरेला दार उघडले. मराठी उपासनागीते, हार्मोनियम आणि तबला यांच्यासह आपण त्या उघड्या दारातून आत आलो. मेसियाँचा ओढा जुन्या गायनाकडेच राहिला. या बाबतीत आपली वाट त्यांच्याहून वेगळी आहे, आणि त्यात काही उणे नाही. परंतु उपासनेत जे वाजेल ते प्रार्थनेच्या योग्यतेचे असावे, ही त्यांची कसोटी आपल्यालाही लागू पडते.

सेवेने प्रतिभेला काय दिले, याचे उत्तर १९६७ मध्ये मिळते. चर्चच्या शताब्दीनिमित्त त्रैक्याच्या गूढावर प्रवचने झाली आणि प्रवचनांच्या मध्ये मेसियाँनी उत्स्फूर्त वादन केले. त्या वादनातूनच १९६९ ची ‘पवित्र त्रैक्याच्या गूढावरील मनने’ ही रचना सिद्ध झाली. तीत संत थॉमस अक्वायनस यांची वचने अक्षरागणिक स्वर लावून गुंफली आहेत. पुढे आठेक वर्षे खपून त्यांनी असिसीकर संत फ्रान्सिस यांच्यावरचे संगीतनाट्य पूर्ण केले. त्याची संहिताही त्यांचीच. २८ नोव्हेंबर १९८३ रोजी पॅरिसमध्ये ते रंगभूमीवर आले. पक्ष्यांना उपदेश करणारा संत आणि पक्ष्यांकडून शिकणारा संगीतकार यांची ती भेट होती. स्वर्गीय जीवनावरची त्यांची अखेरची पूर्ण महारचना त्यांना स्वतःला ऐकता आली नाही. ५ नोव्हेंबर १९९२ रोजी न्यूयॉर्क येथे ती प्रथम सादर झाली, आणि संचालक होते मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता.

सेवेने या प्रतिभेला बांधले खरे, पण वेलीला मांडव बांधतो तसे. दर रविवारची हजेरी, सायंप्रार्थनेतील तुटपुंज्या जागा, न आवडणाऱ्यांचाही आदर, या बंधनांतूनच त्यांची कला वर चढत गेली. आपल्या धर्मग्रामांतही सज्जात किंवा वेदीच्या बाजूला कोणी तरी हार्मोनियमवर बसलेले असते. त्या व्यक्तीचे नाव पत्रिकेत छापले जात नाही, पण चूक झाली तर सर्वांच्या लक्षात येते. अशा तरुणाला वा तरुणीला चांगले शिक्षण, एखादे बरे वाद्य आणि स्वतःचे काही नवे करून पाहण्यासाठी आपली ‘बाराची मिस्सा’ आपण देणार की नाही, हा प्रश्न मेसियाँचे चरित्र आपल्यापुढे ठेवते. त्यांच्या धर्मग्रामाने त्यांना समजून घेण्याआधीच जागा दिली होती. समजूत नंतर आली, आणि काहींना ती कधीच आली नाही. पण जागा दिली गेली म्हणूनच आज जगाजवळ ते संगीत आहे.