तिवर, तुवरक आणि चट्ट्यातली सुई

कीलॉइडच्या, म्हणजे जखमेच्या व्रणावर वाढणाऱ्या गाठीत स्टेरॉइड टोचतात, हे आता नेहमीचंच झालं आहे. दुखण्याच्या जागीच सुई नेण्याच्या या रीतीचं मूळ शोधता शोधता मी येऊन पोचलो ते कोकणातल्या कडू कवठापाशी.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये डॉ. अर्नेस्ट म्यूर याच झाडाच्या बियांचं तेल कुष्ठरोगावर टोचत. सुई कातडीला जवळजवळ आडवी धरायची, टोक वरच्या थरातच ठेवायचं. थेंबभर तेल गेलं की तेवढी जागा फिकी पडून दाण्यासारखी फुगते. लगेच शेजारी पुढची टोच. असा सबंध चट्टा भरून काढायचा.

या तेलाचा सर्वांत जुना पत्ता सुश्रुतसंहितेत सापडतो. कुष्ठावर ‘तुवरक’ सांगताना सुश्रुत म्हणतो, ही झाडं पश्चिम समुद्राच्या काठी, लाटांवरच्या वाऱ्यात हलत उभी असतात. पावसाळा लागताना पिकलेली फळं घ्यावीत.

इथे मराठी माणसाला ‘तिवर’ आठवणारच. खाडीच्या चिखलातलं हे झाड तुवरकच, असं मानणारे आहेत. शब्द तर अगदी जुळतो. मला ते पटत नाही. सुश्रुत फळातला मगज काढून त्याचं तेल गाळायला सांगतो. तिवराच्या बीत गाळण्याजोगं तेल आहे कुठे? कडू कवठाच्या टणक फळातल्या बिया मात्र तेलाने भरलेल्या. दुसरा दावेदार चालमोगरा. पण तो सिल्हेट, चितगाव, ब्रह्मदेशाकडचा. त्याला पश्चिम समुद्र कुठून दिसणार? माझ्या मते झाड कडू कवठच, आणि नाव तेवढं घसरत शेजारच्या खाडीत उतरलं.

हे तेल प्यायलं की उलट्या होतात. सुश्रुताला त्या हव्याच होत्या, कारण शरीरशुद्धी हाच त्याचा उपचार. नव्या डॉक्टरांना त्या नको होत्या, म्हणून सुई आली. पण दाट तेल टोचलं की गाठी व्हायच्या. 1915च्या सुमारास हवाईत ॲलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञ बाईने कुष्ठावरच वापरल्या जाणाऱ्या चालमोगऱ्याच्या तेलाचे एस्टर करून ते सहज टोचता येईल असं केलं. 1916 साली, चोविसाव्या वर्षी, ती गेली.

1940च्या दशकात कुष्ठावर सल्फोन हे औषध आलं, तेल मागे पडलं. पुढच्या दोन दशकांत कीलॉइडमध्ये स्टेरॉइड टोचणं सुरू झालं. चट्टे भरून काढणारे हात तेव्हा अजून दवाखान्यांत होते, आणि मला हा योगायोग वाटत नाही.