देवळालीला नाव कोणी ठेवलं?

मित्रांनो, मी देवळाली कॅम्पातला. माझा आजा छावणीत गवत कापायला जायचा. त्याच्या गावाचं नाव इंग्रजी शब्दकोशात गेलंय. 'डुलॅली'. अर्थ काय? वेडा.

मुदत संपलेले गोरे सोल्जर इथल्या कॅम्पात विलायतेच्या बोटीची वाट बघत बसायचे. बोटी सुटायच्या हिवाळ्यात. हंगाम हुकला की महिनोन्‌महिने ऊन, दारू आणि रिकामपण. डोकी फिरायची. त्याला ते म्हणाले 'डुलॅली टॅप'. टॅप म्हणजे आपला ताप. वेड त्यांचं, नाव आमचं!

पुढे १९७४ साली बीबीसीनं देवळालीच्या कॅम्पावर विनोदी मालिका सुरू केली. चित्रीकरण इंग्लंडात. हिंदी नोकर रंगीराम कोण? मायकेल बेट्स हा गोरा नट, तोंडाला रंग फासून. मालिका १९८१ पर्यंत चालली. १९९१ नंतर घराघरांत आलेल्या जागतिकीकरणाची ही आधीची तालीमच.

पण 'संस्कृती धोक्यात' म्हणून ओरडणाऱ्यांना मी विचारतो, कोणाची संस्कृती? गोऱ्यांनी नावं ठेवायच्या आधी गावानं आम्हाला नावं ठेवली होती. इथून जवळच, नाशकात, १९३० साली काळारामाचं दार आमच्यासाठी बंद होतं. ते काय परदेशी कंपनीनं लावलं होतं? आणि इंग्रज तरी कुठला तारणहार! १८१८ ला कोरेगावात महार शिपाई लढले. त्याच शतकाच्या शेवटी 'लढाऊ जाती' ठरवून सरकारनं महारांची भरती बंद केली. घरचा शिक्का आणि बाहेरचा शिक्का, दोन्ही आमच्याच कपाळी.

मग दारं लावून बसायचं? बाबासाहेब १९१३ ला न्यूयॉर्कला शिकायला गेले. १९७२ ला आपल्या पोरांनी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून 'दलित पँथर' नाव घेतलं. ते कोणी लादलं नव्हतं, आपण निवडलं होतं. २००१ ला डर्बनच्या वंशवादविरोधी जागतिक परिषदेत आपले कार्यकर्ते जातीचा प्रश्न घेऊन गेले, तेव्हा विरोध केला भारत सरकारनं. घरचा मामला म्हणे!

दोस्तांनो, आपलं नाव आपण ठेवणं हेच सांस्कृतिक स्वातंत्र्य. वस्तीतली म्हातारी माणसं अजून आहेत. वही घ्या, त्यांच्यापाशी बसा, लिहून काढा. नाहीतर आपली 'डुलॅली' दुसराच कोणी लिहील.

जय भीम.