एक उन्हाळी शिबिर, एक चित्रपट आणि त्र्याहत्तर सेकंद

अमेरिकेत वाढणाऱ्या आपल्या मुलांची उन्हाळी सुट्टी म्हणजे आईवडिलांच्या डोक्याला एक कामच! जानेवारी उजाडत नाही तोच कुठलं शिबिर, किती फी, कोण सोडणार, कोण आणणार याची घराघरात खलबतं सुरू होतात. पोहणं, बुद्धिबळ, गणित, नाटक अशा शिबिरांच्या गर्दीत एक नाव मात्र मुलांच्या तोंडून हमखास येतं, ते म्हणजे अलाबामातल्या हंट्सव्हिलचा 'स्पेस कॅम्प'. अंतराळवीरांसारखा निळा पोशाख घातलेल्या मुलाचा किंवा मुलीचा फोटो आपल्यापैकी काही घरांत फ्रिजवर लावलेलाही असेल.

याच शिबिरावर १९८६ साली हॉलिवूडने एक चित्रपट काढला होता, 'स्पेसकॅम्प'. शिबिरातली मुलं चुकून खरोखरच अवकाशात जातात अशी त्याची गोष्ट. आज तो फारसा कुणाच्या स्मरणात नाही. पण तो कधी आणि कसा प्रदर्शित झाला, ती हकिगत चित्रपटापेक्षाही विलक्षण आहे. मुलांना धोक्याबद्दल काय सांगावं, किती सांगावं, हा प्रश्न आपल्या सगळ्यांच्या घरात कधी ना कधी येतोच. त्या वर्षी तो साऱ्या देशापुढे आला होता.

शिबिराची कल्पना

या शिबिराची मूळ कल्पना वेर्नर फॉन ब्राउन यांची. दुसऱ्या महायुद्धात हिटलरच्या जर्मनीसाठी व्ही-२ हे विध्वंसक अस्त्र बनवणारा हा माणूस युद्धानंतर अमेरिकेत आला, १९५० साली हंट्सव्हिलला स्थायिक झाला आणि माणसाला चंद्रावर नेणारं सॅटर्न-५ हे अग्निबाण त्याच्याच देखरेखीखाली तयार झालं. हंट्सव्हिलमध्ये १९७० साली अवकाश संग्रहालय उघडलं. त्याचे पहिले संचालक एडवर्ड बकबी. अमेरिकेत बँडची शिबिरं आहेत, फुटबॉलची आहेत, मग विज्ञानाचं का नसावं, असं फॉन ब्राउन यांनी बकबींना विचारलं, अशी कथा सांगितली जाते. फॉन ब्राउन १९७७ साली वारले. बकबींनी ती कल्पना १९८२ च्या उन्हाळ्यात प्रत्यक्षात आणली.

तो काळही अनुकूल होता. स्पेस शटलचं पहिलं उड्डाण एप्रिल १९८१ मध्ये झालं होतं. विमानासारखं धावपट्टीवर उतरणारं यान, त्यातून वर्षातून अनेक फेऱ्या! सॅली राइड १९८३ साली अवकाशात जाणारी पहिली अमेरिकन स्त्री ठरली. अवकाश म्हणजे आता मूठभर वैमानिकांची मक्तेदारी नाही, उद्या तुम्हीआम्हीही जाऊ, असं वातावरण होतं. ऑगस्ट १९८४ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी जाहीर केलं की शटलमधून जाणारा पहिला सामान्य नागरिक एक शिक्षक असेल. अकरा हजारांहून जास्त शिक्षकांनी अर्ज केले. निवड झाली न्यू हॅम्पशायरमधल्या काँकर्ड गावच्या क्रिस्टा मॅकॉलिफ यांची. त्या शाळेत समाजशास्त्र शिकवत. अवकाशातून त्या देशभरातल्या मुलांना दोन धडे शिकवणार होत्या.

पडद्यावरची गोष्ट

अशा वातावरणात, १९८५ साली, 'स्पेसकॅम्प'चं चित्रीकरण झालं. दिग्दर्शक हॅरी विनर, संगीत 'स्टार वॉर्स'चे जॉन विल्यम्स यांचं. शिबिराची प्रशिक्षक अँडी हिच्या भूमिकेत केट कॅपशॉ होती. अमरीश पुरींच्या 'मोलाराम'मुळे आपल्याला पाठ असलेल्या 'टेंपल ऑफ डूम'ची नायिका तीच. मुलांमध्ये ली थॉम्प्सन, केली प्रेस्टन, टेट डोनोव्हन, लॅरी स्कॉट आणि सगळ्यात लहान, 'स्टार वॉर्स'वेडा मॅक्स. ही भूमिका करणाऱ्या मुलाचं नाव श्रेयनामावलीत 'लीफ फिनिक्स' असं आहे. तोच पुढे वाकीन फिनिक्स म्हणून ऑस्करविजेता नट झाला.

गोष्ट थोडक्यात अशी. चित्रपटात हे शिबिर फ्लोरिडातल्या केनेडी अवकाश केंद्रातच भरतं. (खरं शिबिर अलाबामात, तिथून शटल उडत नसे. पण तसं दाखवलं असतं तर गोष्टच घडली नसती!) 'अटलांटिस' शटलच्या इंजिनांची जमिनीवरची चाचणी होणार असते. शिबिरातल्या मुलांना अँडीसह यानात बसून ती अनुभवायची परवानगी मिळते. 'जिंक्स' नावाचा एक यंत्रमानव असतो. सांगितलेलं सगळं शब्दशः खरं मानायचं, ही त्याची खोड. 'मला अवकाशात जायचंय' हे मॅक्सचं बोलणं तो आज्ञा समजतो आणि संगणकाशी संधान बांधून चाचणीच्या वेळी एक बूस्टर पेटवून देतो.

इथे थोडं शास्त्र सांगायला हवं. शटलच्या दोन्ही बाजूंचे बूस्टर घन इंधनाचे असत. फटाक्याची वात एकदा पेटली की विझवता येत नाही, तसंच हे. द्रव इंधनाचं इंजिन बंद करता येतं, हे नाही. शिवाय एकच बूस्टर पेटला तर सगळा डोलारा कलंडणार. म्हणून नियंत्रण कक्षातले लोक काही क्षणांत निर्णय घेतात, दुसराही पेटवा! आणि मुलं अवकाशात पोचतात.

पुढे प्राणवायू अपुरा, दूरवर बोलण्याचा रेडिओ नाही, अँडी जखमी. अर्धवट बांधलेल्या अवकाश स्थानकाच्या अरुंद सांगाड्यात शिरून प्राणवायूच्या टाक्या आणायच्या तर अंगाने लहान मॅक्सच हवा. एक मुलगी मोर्सच्या कट्ट-कडकट्टने जमिनीवर निरोप धाडते, दुसरी यान चालवते आणि न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सवर सगळे सुखरूप उतरतात. तिथे १९८२ साली एक शटल खरोखरच उतरलं होतं. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न वाचून जी मंडळी मोठी झाली, त्यांना ही जातकुळी ओळखीची वाटेल. शास्त्र थोडं खरं, थोडं सोयीचं आणि धाडस भरपूर.

२८ जानेवारी १९८६

चित्रपट उन्हाळ्यात झळकणार होता. त्याआधी जानेवारीत क्रिस्टा मॅकॉलिफ यांचं उड्डाण होतं. शाळाशाळांतून टीव्ही लावले होते. नासाने उपग्रहामार्फत शाळांसाठी खास प्रक्षेपणाची सोय केली होती. काँकर्डच्या त्यांच्या शाळेत मुलं रंगीत टोप्या घालून जमली होती. केप कॅनव्हरलला त्यांचे आईवडील, नऊ वर्षांचा मुलगा आणि त्याच्या वर्गातली मुलं प्रत्यक्ष बघायला आली होती.

सकाळी ११ वाजून ३८ मिनिटांनी 'चॅलेंजर'ने जमीन सोडली. त्र्याहत्तर सेकंदांनी आकाशात पांढऱ्या धुराचे दोन फाटे फुटले. सातही जण गेले. डिक स्कोबी, मायकेल स्मिथ, ज्युडिथ रेझनिक, एलिसन ओनिझुका, रोनाल्ड मॅकनेअर, ग्रेगरी जार्व्हिस आणि क्रिस्टा मॅकॉलिफ.

कारण होतं बूस्टर. उजव्या बूस्टरच्या सांध्यातलं रबराचं कडं थंडीने ताठर झालं, सांधा नीट बंद झाला नाही आणि आतल्या ज्वाळा बाहेर आल्या. आदल्या रात्री तापमान गोठणबिंदूखाली गेलं होतं. बूस्टर बनवणाऱ्या कंपनीतल्या अभियंत्यांनी त्याच रात्री दूरध्वनीवरच्या बैठकीत सांगितलं होतं की ५३ अंश फॅरनहाइटच्या खाली उड्डाण करू नका. वरिष्ठांनी ते अखेर मानलं नाही. चित्रपटात निर्णयाला काही क्षण होते आणि तो बरोबर ठरला. प्रत्यक्षात विचाराला रात्रभर अवधी होता आणि निर्णय चुकला.

त्या संध्याकाळी रेगन यांनी टीव्हीवरून भाषण केलं. त्यात ते खास शाळकरी मुलांशी बोलले. अशा दुःखद गोष्टी घडतात, शोधाच्या वाटेवर त्या येतातच आणि भविष्य भित्र्यांचं नसतं, अशा आशयाचं ते बोलणं होतं. एका राष्ट्राध्यक्षाने मुलांपासून काही लपवलं नाही, हे विशेष.

एकच तारीख

आता चित्रपटाचं काय करायचं? बूस्टरमध्ये बिघाड होतो आणि मुलं मजेत अवकाशसफर करून येतात, ही गोष्ट त्या वसंतात कुणाला बघवणार होती? तरीही तो डब्यात ठेवला गेला नाही. ६ जून १९८६ रोजी 'स्पेसकॅम्प' अमेरिकेत प्रदर्शित झाला. आणि योगायोग असा, की चॅलेंजर अपघाताची चौकशी करणाऱ्या रॉजर्स आयोगाच्या अहवालावरही हीच तारीख आहे, ६ जून १९८६! एकाच दिवशी एका बूस्टरची गंमतगोष्ट आणि दुसऱ्या बूस्टरची शोकांतिका.

चित्रपट साफ पडला. खर्चही वसूल झाला नाही. वाईट चित्रपट होता म्हणून पडला असं म्हणवत नाही. अँडीचा आणि मुलांचा अभिनय आजही गोड वाटतो. त्याची वेळ चुकली, एवढंच.

आपले दोन प्रवासी

या अपघाताचा एक धागा भारतापर्यंत जातो, तो आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. राकेश शर्मा एप्रिल १९८४ मध्ये सोव्हिएत यानातून जाऊन आले होते. त्यानंतर इन्सॅट-१सी हा उपग्रह अमेरिकन शटलमधून सोडायचा आणि त्यासोबत इस्रोच्या एका शास्त्रज्ञाने जायचं, असं ठरलं होतं. नागपती भट आणि पी. राधाकृष्णन या दोघांची त्यासाठी निवड झाली होती. उड्डाण १९८६ च्या सप्टेंबरमध्ये अपेक्षित होतं, म्हणजे 'स्पेसकॅम्प' लागला त्याच वर्षी. चॅलेंजरनंतर शटल अडीच वर्षांहून अधिक काळ जमिनीवरच राहिली आणि ती मोहीम कायमची रद्द झाली. इन्सॅट-१सी १९८८ साली युरोपच्या एरियान अग्निबाणाने गेला. भट आणि राधाकृष्णन यांना मात्र तशी संधी पुन्हा आली नाही. राकेश शर्मांनंतरचा भारतीय अंतराळवीर, शुभांशु शुक्ला, जाण्यासाठी २०२५ साल उजाडावं लागलं.

मुलांनी काय केलं?

मोठ्यांनी चौकशा केल्या, सांधे बदलले, नियम बदलले. मुलांनी काय केलं, ते जास्त ऐकण्यासारखं आहे.

चॅलेंजरच्या जागी जे नवं शटल बांधलं, त्याचं नाव शाळकरी मुलांच्या देशव्यापी स्पर्धेतून ठरलं, 'एन्डेव्हर'. त्याच एन्डेव्हरमधून ऑगस्ट २००७ मध्ये बार्बरा मॉर्गन अवकाशात गेल्या. आयडाहोतल्या या प्राथमिक शिक्षिका क्रिस्टा यांच्या बदली उमेदवार होत्या. अपघातानंतर त्या पुन्हा आपल्या वर्गात जाऊन शिकवू लागल्या होत्या. तब्बल एकवीस वर्षं थांबून त्या गेल्या, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी.

अपघातात गेलेल्यांच्या कुटुंबीयांनी पुतळे उभारण्याऐवजी 'चॅलेंजर सेंटर' ही संस्था काढली. तिच्या केंद्रांतून मुलं लुटुपुटीची अवकाश मोहीम चालवतात. आपल्या शहराजवळ असं केंद्र असेल तर जरूर घेऊन जा.

आणि स्पेस कॅम्प? तो बंद पडला नाही. चॅलेंजरनंतर तीनच वर्षांनी, १९८९ साली, डॉटी नावाची एक किशोरवयीन मुलगी तिथे आली. पुढे ती वॉशिंग्टन राज्यात विज्ञानाची शिक्षिका झाली. एकदा एका विद्यार्थिनीने विचारलं, अंतराळवीर संडासला कसे जातात? उत्तर शोधायला तिने नासाचं संकेतस्थळ उघडलं, तर तिथे शिक्षक अंतराळवीरांसाठी अर्ज मागवलेले दिसले. एप्रिल २०१० मध्ये डॉटी मेटकाफ-लिंडेनबर्गर शटलमधून गेल्या. स्पेस कॅम्पमधून अवकाशात पोचलेल्या त्या पहिल्या. केवळ स्त्रियांनी केलेला पहिला अवकाशचाल प्रयोग २०१९ साली करणाऱ्या दोघींपैकी क्रिस्टिना कॉख याही त्याच शिबिरात येऊन गेलेल्या. म्हणजे पडलेल्या चित्रपटाची गोष्ट शेवटी खरी ठरली. फरक इतकाच, की कुणा यंत्रमानवाने त्यांना चुकून वर धाडलं नाही. वीसेक वर्षांच्या अभ्यासाने आणि धोका पुरता समजून घेऊन त्या गेल्या.

क्रिस्टा यांचे अपुरे राहिलेले धडेसुद्धा २०१८ साली अवकाश स्थानकातून जो अकाबा आणि रिकी आर्नल्ड यांनी करून दाखवायला घेतले. दोघेही आधी शिक्षक होते.

मला या साऱ्यात सर्वांत मोठं वाटतं ते डॉटीच्या आईवडिलांचं धैर्य. तीन वर्षांपूर्वी टीव्हीवर एक शिक्षिका आकाशात नाहीशी झालेली त्या काळच्या प्रत्येक घराने पाहिली होती. तरी त्यांनी मुलीला त्याच स्वप्नाच्या शिबिराला पाठवलं. आपले आईवडीलही विमानतळावर आपल्याला निरोप देताना काय काय गिळून हसत होते, ते आता आपली मुलं मोठी होताना कळतं.

तेव्हा पुढच्या सुट्टीत मुलांना घेऊन 'स्पेसकॅम्प' जरूर बघा. संपला की चॅलेंजरचीही गोष्ट सांगा, कडं का ताठर झालं ते सांगा आणि 'नको' म्हणणाऱ्या अभियंत्यांचं कुणी ऐकलं नाही, हेही सांगा. मुलांना दोन्ही कळायला हवं. झेप घ्यायला हवी, आणि सांधा तपासूनच घ्यायला हवी.