लेखणी अण्णाभाऊंची, गळा अमर शेखांचा

आपल्या बार्शीचे महबूब हुसेन पटेल म्हणजेच शाहीर अमर शेख. गिरणीत राबलेल्या या माणसाला मुंबईत वाटेगावच्या अण्णाभाऊ साठेंची साथ लाभली. १९४४ मध्ये द. ना. गवाणकरांसह त्यांनी लालबावटा कलापथक उभे केले. एक मातंग घरातला, दुसरा मुसलमान घरातला. डफावर थाप पडली की हा भेद उरत नसे. सरकारने तमाशावर बंदी घातली, तेव्हा त्याच तमाशाचे लोकनाट्य झाले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णाभाऊंची 'माझी मैना' अमर शेखांच्या पहाडी आवाजाने गावोगावी पोचवली.

१८ जुलै १९६९ रोजी अण्णाभाऊ गेले. बरोबर सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, अमर शेखांवर अपघाताने घाला घातला. लेखणी आणि गळा, दोन्ही एकाच पावसाळ्यात थांबले.