शब्द परका, अर्थ आपला

आज घराघरांत इंग्रजी शब्दांचे अर्थ मुलांकडून घोकून घेतले जातात. या घोकंपट्टीमागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याचा आरंभ थोडा उलटा आहे. इ.स. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, तेव्हा शब्दार्थ शिकण्याची पहिली निकड आपल्याला नव्हे, साहेबाला होती. त्याला रयतेची अर्जी वाचायची होती, साक्षीदाराची जबानी समजून घ्यायची होती. याआधीही लहान कोश झाले होते. परंतु मोल्सवर्थसाहेबांनी मराठी शास्त्रीपंडितांच्या साह्याने रचलेला मोठा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला. आपल्याला उपयोगी पडणारा मेजर कँडीचा इंग्रजी-मराठी कोश यायला मात्र १८४७ साल उजाडले.

मधल्या काळात बाळशास्त्री जांभेकरांनी एक सुंदर सोय केली. ६ जानेवारी १८३२ रोजी निघालेल्या 'दर्पण' पत्रात एका स्तंभात इंग्रजी व शेजारच्या स्तंभात मराठी मजकूर असे. ज्याला इंग्रजी शिकायचे, त्याला तेथे सुटा शब्द नव्हे, तर वाक्यात नांदणारा शब्द भेटे.

पण सामान्य माणसाने ना कोश उघडला, ना 'दर्पण' वाचले. त्याचे इंग्रजी धक्क्यावर आणि बाजारात तयार झाले. त्याने 'बोट' हा साहेबाचा शब्द उचलला आणि त्याला आपली 'आग' जोडून 'आगबोट' केली. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्याला पहिली गाडी धावली. तिला तो 'आगगाडी' म्हणू लागला, पण 'तिकीट' आणि 'स्टेशन' तसेच ठेवले. 'मास्तर' या शब्दाची तर त्याने मौजच केली. मूळ अर्थ मालक किंवा धनी. आपल्याकडे शाळेत शिकवणारा मास्तर, स्टेशनावर शिट्टी-निशाणाची व्यवस्था पाहणारा मास्तर, आणि कपडे बेतणारा शिंपीही मास्तरच! शब्द कोणाचाही असो, त्याचा अर्थ अखेर तो वापरणारा ठरवतो.

शाळांत मात्र 'टेक म्हणजे घेणे' अशी जोड्यांची माळ सुरू झाली. आता पाहा, हाच शब्द वापरून इंग्रज औषध 'घेतो', पण त्याच शब्दाने तो परीक्षा 'देतो' आणि फोटो 'काढतो'. कामाला वेळ 'लागतो' तोही याच शब्दाने. एका शब्दाला एकच अर्थ चिकटवणारा विद्यार्थी येथे हमखास अडखळतो. द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांची 'भाषांतर पाठमाला' पिढ्यान् पिढ्या टिकली, ती याचसाठी. थोडे शब्द, एखादा नियम आणि लगेच भाषांतराला वाक्ये, हा तिचा क्रम होता. इंग्रजी वाक्य मराठीत आणताना आपली मराठीही तपासून पाहावी लागे.

आता खरा प्रश्न. हे शब्द कोणाच्या वाट्याला आले? इंग्रजी येणाऱ्याला कचेरीचे दार उघडले. न येणारा वकिलाच्या व कारकुनाच्या तोंडाकडे पाहत बाहेर उभा राहिला. सावित्रीबाई फुले यांनी १८५४ च्या 'काव्यफुले' या संग्रहात इंग्रजी शिकण्याचा उपदेश केला, तो हौसेपोटी नव्हे. जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे स्पष्ट सांगितले की, शेतकऱ्याच्या साऱ्यातून आलेला पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि बहुजनांचे प्राथमिक शिक्षण उपेक्षित राहते. शब्दांचा अर्थ ज्याला कळतो, त्याला फसवणे कठीण असते, हे त्या दोघांनी पुरते ओळखले होते.

म्हणून इंग्रजी शब्द अवश्य शिकावेत, शिकवावेत. परंतु मुलाला नुसता अर्थ विचारून थांबू नये. 'याचे एक वाक्य कर, आणि तेच आपल्या आजीला कळेल अशा मराठीत सांग' असे म्हणावे. ते जमले की शब्द त्याचा झाला. आणि घरच्या मुलाला जे आपण शिकवू, ते आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाईच्या मुलालाही मिळते की नाही, हेही पाहावे. फुले दांपत्याने घातलेला हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही.