वैभव कोणाचे, कर्ज कोणाचे?

नारायण राजहंस या मुलास ऐकू कमी येई. करवीरच्या शाहू छत्रपतींनी त्याच्यावर उपचार करविले, आणि १९०५ साली तो किर्लोस्कर नाटक मंडळीत गेला. हेच बालगंधर्व. १९११ साली ‘मानापमाना’च्या पहिल्या प्रयोगादिवशी कन्या वारली असताही ते रंगभूमीवर उभे राहिले. रवी जाधव यांच्या २०११ मधील ‘बालगंधर्व’ चित्रपटात सुबोध भावे यांनी हे दुःख व पुढील कर्जबाजारीपणा प्रत्ययकारी रीतीने दाखविला आहे. तो पाहून कित्येकजण त्यांच्या उधळेपणास दोष देतात. परंतु ते उंची शालू, ती अत्तरे कोणासाठी होती? तो थाट आपल्या वाडवडिलांनी डोळे भरून पाहिला. देणे मात्र त्यांच्याच नावावर राहिले. त्यातील आपला वाटा रसिकांनी विसरू नये, एवढेच सांगणे.